आडनाव काय तुमचं?

दोन कंपन्या एक झाल्या आणि हिंजवडीच्या एका मजल्यावर आम्ही अनोळखी माणसं शेजारीशेजारी येऊन बसलो. टीम लीड कोण, एवढं ठरायचं होतं. ते काम मला सगळ्यात जास्त येत होतं, हे सांगायला मी लाजणार नाही. पण आमचे नवे मॅनेजर विश्वजीत सर म्हणाले, "काम काय, सगळ्यांनाच येतं. लोक कोणाचं ऐकतात ते बघू." ते बघायला त्यांनी आम्हाला खडकवासल्याजवळच्या एका फार्महाउसवर नेलं.

हिरवळीवर गोल करून ओळखी सुरू झाल्या.

"पूर्वा सीताराम," मी म्हणाले.

"सीताराम हे आडनाव?" राकेशने विचारलं. तो दुसऱ्या कंपनीतला, तोंडात साखर घेऊन फिरणारा.

"वडिलांचं नाव. आम्ही आडनाव लावत नाही."

"असं कसं? काहीतरी असेलच ना!"

"आहे. लावत नाही."

"अच्छा."

हे 'अच्छा' मी शाळेपासून ओळखते. आम्ही बौद्ध. आडनावावरून लोक जात काढतात, म्हणून वडिलांनी ते टाकून दिलं. पण आमच्या पुण्यात समोरच्याचं आडनाव कळेपर्यंत काहींच्या घशाखाली चहा उतरत नाही.

मग माफियाचा खेळ. सरांनी चिठ्ठ्या वाटल्या. एक जण खुनी, एक पोलीस, बाकीचे गावकरी. सगळ्यांनी डोळे मिटायचे. आधी खुन्याने गुपचूप एकाला मारायचं, मग पोलिसाने कुणाकडे तरी बोट दाखवायचं. तोच खुनी असेल तर सरांनी मान हलवायची. नंतर गावाने चर्चा करून एकाला बाहेर काढायचं.

पोलीस मी होते. राकेशकडे बोट केलं. सरांनी मान हलवली.

डोळे उघडल्यावर मी सरळ सांगून टाकलं, "मी पोलीस आहे. खुनी राकेश."

राकेश जागचा हलला नाही. "जी आडनाव लपवते, ती चिठ्ठी लपवणार नाही कशावरून?"

सगळे खदाखदा हसले. हात वर झाले. शेफाली माझ्याच कंपनीतली, तिच्या कितीतरी चुका मी निस्तरल्या होत्या. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग तिनेही हात वर केला. मी बाहेर.

बाहेर गेलेल्याने बोलायचं नाही, असा नियम. आंब्याखाली बसून मी बघत राहिले. राकेशने एकेकाला लाडीगोडी लावून संपवलं आणि शेवटी आपली चिठ्ठी उघडून दाखवली. खुनी. फसलेल्यांनीच टाळ्या वाजवल्या. सरांनी तिथेच त्याला लीड करून टाकलं.

माझं डोकं फिरलं. पिठलं-भाकरीच्या रांगेत मी सरांना गाठलं. "सर, मी खरं बोलत होते. आणि राकेश सोडला तर इथे ते फक्त तुम्हाला माहीत होतं."

"हो ना," ते म्हणाले. "पण लोकांना पटवता यायला हवं, पूर्वा. आडनाव सांगून टाकायचंस की! उगाच तेवढ्यावरून गेलीस."

"सांगितलं असतं तर राहिले असते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "जेवून घे, गार होतंय," म्हणाले आणि राकेशच्या टेबलाकडे गेले.

सांगितलं असतं तरीही मी गेलेच असते. फक्त तेव्हा कारण कुणी तोंडाने बोललं नसतं.