खालच्या बागेतला भोंगा

ओलिव्हिओ पाहुण्यांना संग्रहालयाच्या आरशांच्या दालनातून बाहेर काढत होता, तेवढ्यात एक माळी टेकडी उतरून धावत आला. हातात कात्री तशीच होती.

"पलीकडे खाणीच्या गाळाचा बांध फुटला," तो म्हणाला.

ओलिव्हिओने आधी पाहुणे मोजले. मग झुलेइकाला फोन लावला. त्याची बायको खाणीच्या खानावळीत स्वयंपाक करायची, आणि ही जेवणाची वेळ होती. फोन लागेना. धोक्याचा भोंगा तर वाजलाच नव्हता.

पुढे चिखलातून पुष्कळ जण काढले. झुलेइका सापडली नाही.

थंडी पडली तेव्हा तो पुन्हा कामावर जाऊ लागला. घरी सासू होती, जासिरा; गाव तिला मानाने दोना जासिरा म्हणे. रोज संध्याकाळी ती चुलीपाशीच विचारायची, "सापडली का रे?"

"नाही, आई."

तेवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून दोघांचं त्यावर निभत होतं. मेली, असं त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं. गावातली माणसं म्हणत. ओलिव्हिओ तिथून उठून जाई.

वरच्या खोऱ्यात खाणीचा दुसरा बांध होता. तो भक्कम आहे, असं सगळे सांगत. पहिलाही भक्कमच होता. दुसरा फुटला तर त्याच्या वाटेवरच संग्रहालयाची खालची बाग होती, ओढ्याच्या काठाला. ओलिव्हिओ पाहुण्यांना वरची दालनं दाखवायचा, ताडांच्या रांगेपर्यंत न्यायचा आणि तिथूनच परत फिरवायचा.

शेवटी एके सकाळी इरासेमाबाईंनी त्याला गाठलं. सगळे मार्गदर्शक त्यांच्या हाताखाली होते.

"लोक तक्रारी करतात, ओलिव्हिओ. तिकीट अख्ख्या बागेचं आणि दाखवतोस अर्धी. खालची बाग काय भाड्याने दिलीस कुणाला?"

"खाली ओल असते. म्हातारी माणसं घसरतात."

"म्हाताऱ्यांवर ढकलू नकोस. आज खाली न्यायचं."

तो खाली उतरला. सोबत दहाबारा पाहुणे होते. ओढ्याचं पाणी त्याने आधी पाहिलं. स्वच्छ होतं. दहा पावलं गेल्यावर पुन्हा पाहिलं. मग वर, खोऱ्याकडे.

काठी टेकत चालणाऱ्या एक आजी, दोना कितेरिया, वाटभर सगळ्यांची फिरकी घेत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, सारखं मागे काय बघताय? बायको येतेय का पाठोपाठ?"

लोक हसले. ओलिव्हिओही हसला.

ओढ्याजवळ आवाजाची खोली होती. गोल, अंधारी, भिंतीला लागून बाकं. भिंतींमधून आवाज येत: रेल्वेचे, पाण्याचे, बाजाराचे. पाहुणे बसले. ओलिव्हिओ दाराशी उभा राहून इतकी वर्षं सांगत आला होता तेच बोलून गेला, "डोळे मिटा. काहीही कानावर आलं तरी उठू नका. नुसतं ऐका."

रेल्वे येऊन गेली. मग बाहेरून भोंगा सुरू झाला. नवा भोंगा, पहिला बांध फुटल्यावर लिंबांच्या मागे खांबावर बसवलेला. त्याचा आवाज चढत गेला आणि थांबेचना.



"उठा! वर चला, भोंगा झालाय!"

कुणी उठलं नाही. अंधारात कुणीतरी "शूऽ" केलं.

"हाही खेळातलाच दिसतोय," एक बाई कुजबुजली.

त्याने दोना कितेरियांचा हात धरून ओढला. त्यांनी डोळे न उघडता त्याच्या हातावर थोपटलं. "ऐकतेय, ऐकतेय. काटा आला बघा अंगावर."

दार उघडं होतं. टेकडीवरची पायवाट तिथूनच सुरू होत होती. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. छाती इतकी धडधडत होती की ओढ्याचा आवाज कोणता, हे त्याला कळेना. तिथेच तो थांबला. मागे वळला.

"माझी बायको मेली," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "पलीकडचा बांध फुटला, तेव्हा चिखलात मेली. तेव्हा भोंगा वाजला नव्हता. हा खरा आहे."

बाकं खरडली. एकाने दोना कितेरियांना उचलूनच घेतलं.

सगळे ताडांपाशी पोचले. भोंगा थांबला. ध्वनिक्षेपकावरून एका बाईचा शांत आवाज आला, "ही चाचणी होती. सहकार्याबद्दल आभार." खाली ओढा होता तसाच वाहत होता. 

इरासेमाबाई धापा टाकत आल्या. "अरे, चाचणी होती! सकाळी सगळ्यांच्या फोनवर कळवलं होतं."

त्याचा फोन सकाळपासून कपाटात होता. आवाजाच्या खोलीत फोन नेत नसत.

"जा तू घरी," त्या हळू म्हणाल्या.

दोना कितेरिया दगडावर बसल्या होत्या. "बाबा, मघाशी मी बायकोवरून बोलले..."

"तुम्हाला काय ठाऊक."

"कधी गेली?"

"मार्चमध्ये मेली," तो म्हणाला, आणि आपलंच बोलणं ऐकून इकडेतिकडे पाहू लागला.

"घरी कोण असतं?"

"तिची आई."

आजींनी छातीवर क्रूसाची खूण केली. 

फाटकाबाहेर गावची बस आली. चालकाने ओळखीचा हॉर्न दिला. ओलिव्हिओने त्याला हाताने पुढे जायला सांगितलं. नंतरचीही त्याने सोडली. दोना जासिराला अजून सांगायचं होतं.