खेळातली बातमी

मेहुणा दार न वाजवता वर्गात शिरला आणि थेट फळ्यापाशी येऊन उभा राहिला. जिना धावत चढल्यामुळे त्याला धाप लागली होती. शर्टाचं एक टोक पँटबाहेर लोंबत होतं.

"भाऊजी, ताई गेली."

प्राध्यापकांनी मार्करला टोपण लावलं.

"ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर कोसळली. तिथल्या बायकांनी दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. तुमचा फोन लागेना, म्हणून त्यांनी मला केला."

प्राध्यापकांचा फोन टेबलाच्या खणात होता, वर्गातल्या सगळ्यांच्या फोनांबरोबर, बंद करून ठेवलेला. तो नियम त्यांचाच. संकट-व्यवस्थापन संस्थेत खेळाच्या दिवशी बाहेरचं जग आत येऊ द्यायचं नाही. कारखान्यांतले, बँकांतले व्यवस्थापक सकाळपासून एक खोटी कंपनी चालवायचे आणि दिवसभर तिच्यावर खोट्या बातम्या येऊन आदळायच्या. गोदामाला आग लागली, मालकाला अटक झाली, मालाची गाडी पुलावरून खाली गेली. बातमी घेऊन कुणीही यायचं. कधी शिपाई, कधी शेजारच्या संस्थेतला एखादा प्राध्यापक. मेहुणा खालच्या मजल्यावर कौटुंबिक उद्योगांच्या संस्थेत शिकवायचा. त्यालाही एकदोनदा बोलावलं होतं. दुसरा नियमही त्यांचाच होता. दारातून आत येणारी प्रत्येक बातमी खेळातली. 'हे खरं आहे का?' असं जो विचारेल तो बाद.

त्या दिवसाच्या बातम्या लिहिण्याचं काम त्यांच्या सहायक बाईंचं. आदल्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी तिला चिडवलं होतं, "तुझ्या आगी आता मला पाठ झाल्या गं. एकदा मलाच हलवून दाखव, मग मानतो."

हिने मनावर घेतलेलं दिसतंय, असं त्यांना वाटलं. मेहुण्यालाही फितवलं. जरा अतीच झालं, असंही वाटून गेलं. पण वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

"पाहा," ते वर्गाला म्हणाले, "बातमी अशी येते. माझ्या घरातली, माझ्या माणसाची. आता मी काय करायचं?"

त्यांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वर्गाकडे वळवलं.

"पहिला प्रश्न. बातमी कुणी दिली?"

"दवाखान्यातून फोन... अहो भाऊजी..."

"दुसरा. तू स्वतः पाहिलंस?"

"नाही. मी सरळ इकडेच आलो."

"म्हणजे खात्री नाही. तिसरा. आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

मेहुण्याने नुसती मान हलवली. वर्गात लिहिणाऱ्यांच्या पेनांचा आवाज तेवढा येत होता.

"ही तीन उत्तरं मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. रडणं, धावणं, ओरडणं, सगळं नंतर." मग ते मेहुण्याकडे पाहून हसले. "आणि मेहुणे, तुमची प्रगती आहे हं. मागच्या वेळी गोदाम जळालं म्हणून सांगायला आलात आणि स्वतःच हसत सुटलात. आज आवाज अगदी बरोबर लागला. दहापैकी आठ."

वर्ग हसला. मागच्या बाजूला कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

प्राध्यापकांनी शेवटच्या रांगेत बसलेल्या सहायक बाईंकडे, कशी जिरवली अशा नजरेने पाहिलं. ती उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर," ती म्हणाली, "हे मी लिहिलेलं नाही."

मेहुणा अजून वर्गाकडेच तोंड करून उभा होता. जसा वळवला होता तसा.

प्राध्यापक दारापर्यंत गेले. तिथून सवयीने मागे वळून सहायक बाईंना म्हणाले, "चालू ठेव."

आणि तिने चालू ठेवलं.

*

आल्यागेल्यांची वर्दळ ओसरल्यावर घरात दोघंच उरली, प्राध्यापक आणि परदेशातून आलेली त्यांची मुलगी. तिने फ्रीज साफ करायला काढला होता. आतला बर्फ सुरीने खरवडत ती पाठमोरीच बोलत होती.

"मामा म्हणाला, तुम्ही ऐकलंत आणि मटकन खाली बसलात."

प्राध्यापक जेवणाच्या टेबलाशी बसले होते.

"त्यानेच पाणी पाजलं म्हणे तुम्हाला. मग हाताला धरून जिना उतरवला."

त्यांनी टेबलावरचा पेला बाजूला सरकवला.

"मला बरं वाटलं, बाबा. म्हणजे, बरं कसलं. पण आई नेहमी म्हणायची ना, तुझ्या बाबांसमोर आभाळ कोसळलं तरी ते आधी विचारतील, कुठल्या बाजूने कोसळलं." ती हसायला गेली आणि तिचा आवाज फाटला. "विमानात मला सारखी तीच भीती वाटत होती. तुम्ही असलंच काहीतरी विचारलं असेल म्हणून."

बर्फाचा एक तुकडा सुटून फरशीवर आपटला.

"नाही ना विचारलंत?"

"पाणी होतंय खाली," ते म्हणाले आणि फडकं आणायला गेले.

मुलगी चार दिवसांनी परत गेली.

*

मॅनेजमेंट स्कूलच्या त्या इमारतीत बऱ्याच संस्था होत्या. प्रत्येकीच्या दारावर लांबलचक नावाची पाटी होती, पण ती नावं कुणी घेत नसे. संकट-व्यवस्थापनाला सगळे आगबंब म्हणायचे. वाटाघाटी शिकवणारी ती घासाघीस. आणि मेहुण्याची कौटुंबिक उद्योगांची संस्था म्हणजे भाऊबंदकी. ही नावं प्राध्यापकांच्या बायकोने एका स्नेहसंमेलनात ठेवली होती आणि ती अशी चिकटली की एकदा संचालकांच्याही तोंडून भर बैठकीत 'भाऊबंदकीचा अहवाल' असं निघून गेलं होतं. संध्याकाळी प्राध्यापक घरी आले की ती चष्म्यावरून बघत विचारायची, "काय आगबंब, आज किती विझवल्या?"

कामावर परतल्यावर पहिल्याच दुपारी प्राध्यापक खाली भाऊबंदकीत गेले. मेहुणा आपल्या खोलीत डबा खात होता.

"बसू का?"

"बसा की. परवानगी कसली."

ते बसले. मेहुणा डब्यात बघत जेवत राहिला.

"पोरीला तू तसं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? मला दहापैकी आठ मिळाले म्हणून?"

प्राध्यापकांनी टेबलावरची टाचणी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"मला वाटलं, तुम्हाला धक्का बसलाय," मेहुणा म्हणाला. "अशा वेळी माणूस काहीही बरळतो. म्हणून उभा राहिलो गप. मग गाडीत तुम्हीच म्हणालात, मला वाटलं हे सहायक बाईंनी लिहिलंय. तेव्हा कळलं मला."

"तू ओरडायचं होतंस माझ्यावर."

"रडणं, धावणं, ओरडणं, सगळं नंतर."

तो हसत नव्हता. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती लागेपर्यंत दोघं तिकडे बघत राहिले.

"तो वर्ग सोमवारी परत येतोय," प्राध्यापक म्हणाले. "दुसऱ्या सत्राला. त्यांना अजून तो खेळच वाटतोय. आधी त्यांना सांगतो. ज्यांच्यासमोर झालं त्यांना सांगितलं की पोरीला सांगायला मला तोंड राहील."

"तुमचं तुम्ही बघा. मी माझा शब्द फिरवणार नाही." मेहुण्याने डब्याचं झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं आणि डबा थोडा पुढे सरकवला. "जेवलात का?"

"हो," प्राध्यापक म्हणाले. ते जेवले नव्हते.

*

सोमवारी वर्गाच्या दारातच सहायक बाईंनी त्यांना गाठलं.

"सर, आज मी घेते ना. तुम्ही नका."

"नको. मला घ्यायचाय."

"अभिप्रायात सगळ्यांनी त्याच... त्याच भागाचं कौतुक केलंय. मी तेव्हाच सांगायला हवं होतं त्यांना. माझ्याच्याने झालं नाही."

"तुला मीच चालू ठेव म्हणालो होतो," ते म्हणाले आणि आत गेले.

वर्ग भरला होता. फोन खणात ठेवायला माणसं सवयीने उठू लागली, तसं त्यांनी हाताने थांबवलं.

"आज फोन आपापल्याजवळ राहू द्या. चालू ठेवा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. या संस्थेचे डावपेच आता त्यांना माहीत झाले होते.

"सर, आज मेहुणे नाहीत का?" एका बँकवाल्याने विचारलं. "काय काम केलं त्यांनी! त्यांना इथे कशाला ठेवलंय, सिनेमात पाठवा."

हशा ओसरेपर्यंत प्राध्यापक थांबले. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले.

"त्या दिवशी मेहुण्यांनी आणलेली बातमी खेळातली नव्हती. खरी होती. त्या दिवशी माझी बायको वारली."

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. क्षणभर त्यांना वाटलं, झालं; सांगून झालं.

पहिल्या रांगेत सिमेंट कारखान्याचे एक व्यवस्थापक बसायचे. शांत, वयस्कर गृहस्थ. एक तास चुकवत नसत, घरी जाऊन टिपणं पुन्हा लिहून काढत. त्यांनी सावकाश पेन उघडलं. आपल्याला कळलं, अशा आनंदाने त्यांचा चेहरा उजळला होता.

"पहिला प्रश्न, सर," ते म्हणाले. "बातमी कुणी दिली?"

सगळा वर्ग खदखदून हसला. कुणीतरी बाक वाजवला.

"दुसरा!" मागून आवाज आला. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

त्यांनी पाहिलं होतं. दवाखान्यातल्या चादरीबाहेर तिचे पाय आले होते आणि त्यांतल्या एकातच चप्पल होती. दुसरी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर राहिली होती.

दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच होती. तिच्यापलीकडे मेहुणा उभा होता. तो केव्हा वर आला ते कळलं नव्हतं. आत यायचं की नाही हे ठरत नसल्यासारखा त्याचा हात कडीवर होता, आणि तो प्राध्यापकांकडे बघत होता.

वर्गही बघत होता. व्यवस्थापकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"बरोबर," प्राध्यापक म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "अगदी बरोबर."

पेनं चालू झाली. सहायक बाईंनी मान खाली घातली. प्राध्यापक फळ्याकडे वळले आणि तिसरा प्रश्न लिहू लागले. लिहून मागे पाहिलं तेव्हा काचेपलीकडे कुणी नव्हतं. जिन्यावरून कुणीतरी उतरत गेल्याचा आवाज तेवढा आला.

*

तो वर्ग सत्र संपवून आपापल्या गावी गेला. जाताना व्यवस्थापकांनी हात हातात घेऊन सांगितलं, "सर, घरी बायकोला सगळं सांगितलं मी. ती म्हणाली, माणसाने असं खंबीर असावं."

मेहुणा भेटतो. जिन्यात, बैठकीत. भाऊजी म्हणतो, तब्येत विचारतो. वर्गात मात्र पुन्हा आला नाही, आणि कुणी बोलावलंही नाही.

ग्रंथालयातल्या बायकांनी ती दुसरी चप्पल कागदात गुंडाळून घरी पोचवली. ती दाराशी, पहिलीच्या शेजारी आहे.

मुलगी रविवारी फोन करते. काय जेवलात विचारते, झोप लागते का विचारते. फोन ठेवताना म्हणते, "बाबा, त्रास झाला तर मामाला बोलवा. त्या दिवशी त्यानेच धरलं ना तुम्हाला. एकटे बसून राहू नका."

ते बरं म्हणतात. तिला सांगायचं अजून राहिलं आहे.