ट्रंक कॉलवाली हेर

अमेरिकेत, नेपरव्हिलला बर्फ पडायला लागलं तसं पद्मिनीआजींचं जग सोफ्यापुरतं उरलं. दुपारी चारला एक जुनी हेरांची मालिका परत लागायची. फुलांचं दुकान चालवणारी बाई बुके बांधता बांधता परदेशी हेर पकडायची, आणि घरी रोज तिचा केक करपायचा. आजींना निम्मं कळायचं नाही, पण तेवढ्या वेळात शाळेतून आलेली नात खोलीत पळायची नाही. नऊ वर्षांची इशिता एरवी आजीपाशी टेकेल तर शपथ. बोलली तर इंग्रजीत, तेही जाता जाता.

म्हणून एकदा आजींनी एक थाप सोडून दिली. "ह्यात काय एवढं. मीपण हेच करायचे, नागपूरला."

इशिताची मान गर्रकन वळली. "नो वे."

"अगं, टेलिफोन एक्स्चेंजमधे. शत्रूचा माणूस फोनवर संत्र्यांच्या पेट्या सांगायचा. मी लगेच ओळखायचे, ह्या पेट्या नाहीत, रणगाडे आहेत."

त्या दिवसापासून इशिता आजीच्या गोधडीत शिरून बसायला लागली, आणि आजींच्या थापांना रोज नवीन पालवी फुटायला लागली. एका हेराची खोटी मिशी तर गरम चहात गळून पडली.

मग एका गुरुवारी इशिता शाळेतून रडवेली होऊन आली. आजी हेर होती, हे तिने वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं. "मेगन सेज आय ॲम अ लायर." डब्याच्या वेळी तिच्याशेजारी कोणी बसलं नव्हतं. उद्या वर्गात आजी-आजोबांचा दिवस होता. "आजी, यू हॅव टू टेल देम."

खरं तर एकतीस वर्षं आजींनी फक्त ट्रंक कॉल जोडले होते आणि 'तीन मिनिटं झाली' एवढं सांगितलं होतं. आपल्या थापेपायी पोर एकटी पडली, हे काही त्यांना गिळवेना.

शुक्रवारी त्या वर्गात बुटक्या खुर्चीवर बसल्या. त्यांचं इंग्रजी नंबर विचारण्यापुरतं, त्यामुळे इशिता शेजारी उभी, आजीचं बोलणं इंग्रजीत सांगायला.

"सांग त्यांना," आजी हळूच म्हणाल्या, "मी हेर नव्हते. फोन जोडायचे. तू माझ्याजवळ बसावंस म्हणून थापा मारल्या. खोटारडी मी आहे, तू नाहीस."

इशिता आजीकडे बघतच राहिली. मग ती वर्गाकडे वळली. "शी सेज शी कान्ट टॉक अबाउट इट. शी प्रॉमिस्ड द गव्हर्नमेंट."

मेगनची नजर आजींच्या कानातल्या ऐकायच्या मशीनवर खिळली होती. "इज दॅट अ रेडिओ?"

"आय कान्ट आन्सर दॅट," इशिता म्हणाली.

त्या दिवशी डबा खायला मेगन तिच्याच शेजारी बसली.

घरी जाताना इशिताची आई, प्रीता, गाडी चालवत होती. मागच्या सीटवर आजींनी विचारलं, "मी काय बोलले ते कळलं होतं ना तुला?"

"सगळं," इशिता चक्क मराठीत म्हणाली. "मिशीवालं पण थाप?"

"थाप."

"आणि फोन?"

"फोन खरे."

"मग फोनचं सांग. खरंखरं."

आजींनी अगदी खरंखरं सुरू केलं. पहिला सिग्नल येईपर्यंत एक्स्चेंजमधे वाघ शिरला होता, आणि तो बोर्डासमोर बसून अर्जंट कॉल मागत होता. इशिताने आजींच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"मग?" ती म्हणाली.