भांडार क्रमांक एक्केचाळीस

“सदर वाद्य (बास गिटार, चार तारी, रंग काळा, भांडार क्रमांक ४१) सन २०१४ पासून नादुरुस्त असून तेव्हापासून त्याचा कोणीही वापर केलेला नाही. सबब ते निर्लेखित करण्यास हरकत नाही.”

रत्नागिरीच्या सागरतीर कलाभवनाच्या पडताळणी समितीने हे वाक्य टंकलिखित करून घेतले होते. त्याखाली तीन सह्या होत्या. चौथ्या सहीची जागा रिकामी होती, ती ‘तज्ज्ञा’ची. त्यासाठी मृणाली शिवलकर हिला बोलावले होते. मारुती मंदिराजवळ तिचे गिटार आणि ध्वनियंत्रणा दुरुस्तीचे दुकान होते. दोन मिनिटांचे काम आहे, असे सचिव विनोद सुर्वे यांनी तिला फोनवर सांगितले होते. समितीने स्वतः त्या कामाला जितका वेळ दिला होता, तो पाहता दोन मिनिटे हा अंदाज उदारच म्हणायला हवा.

समितीच्या वाक्यातली तारांची संख्या बरोबर होती. उरलेल्या मजकुराविषयी तसे म्हणता येत नाही.

भांडारपाल हरिश्चंद्र मयेकर यांनी लांबट काळी पेटी आणून टेबलावर ठेवली. आधी रुंद बाजू टेकवली, मग मानेकडचे टोक हाताने तोलत खाली आणले. भंगार कोणी असे ठेवत नाही. मृणालीच्या ते लक्षात आले. शेजारी बसलेल्या सुर्व्यांच्या आले नाही.

“उघडून काय करणार गो?” मयेकर म्हणाले. “मान गेलीय त्याची. आवाज नाय. मी दरवर्षी लिहितोय तसं.”

“बघते तरी, काका. न बघता सही कशी करू?”

“या तिघांनी केलीच की!”

सुर्वे हसले. “मयेकर, त्यांना काम करू द्या. तुम्हाला कसली घाई? आठ दिवस आहेत अजून.”

आठ दिवसांनी मयेकर निवृत्त होणार होते. निर्लेखित झालेली एखादी वस्तू निवृत्त होणाऱ्याने मागितली, तर आठवण म्हणून त्याला ती द्यावी, असा कलाभवनात रिवाज होता. त्यांच्या आधीच्या भांडारपालाने भाता फाटलेली पेटी नेली होती. मयेकरांनी एका ओळीचा अर्ज दिला होता : क्रमांक ४१ भंगारात गेल्यास मला मिळावा. चालू निघालेली प्रत्येक वस्तू मात्र देवरूखच्या नव्या शाखेत जायची होती. मृणालीला यातले काही ठाऊक नव्हते. तिला वाद्य तपासायला बोलावले होते, आणि ती ते तपासणार होती. संस्थेच्या इमारतीत ही गोष्ट बऱ्याच वर्षांनी घडत होती.

मयेकर मूळचे भांडारपाल नव्हते. कलाभवनाचा एके काळी स्वतःचा वाद्यवृंद होता आणि त्यात ते बास वाजवत. भाट्ये गावच्या माणसाने हे वाद्य का निवडावे, असा प्रश्न त्या काळी त्यांना अनेकांनी विचारला, कारण गाण्यात त्याचा आवाज कोणाला वेगळा ऐकू येत नसे. मयेकर सांगत, घराचे जोते कोण बघतो? सगळे कौलेच बघतात. २०१४ मध्ये संस्थेने वाद्यवृंद ‘तूर्त स्थगित’ केला. गायिका राजश्री वसईला गेली, ड्रमवाला गोव्याच्या हॉटेलात लागला, आणि मयेकरांना भांडारात सामावून घेतले. कीबोर्ड, ड्रम, काँगो हे सारे चालू असल्यामुळे इतर शाखांनी नेले. बास त्या आठवड्यात घुंई घुंई करत होता, म्हणून राहिला.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत मयेकरांशी लोक प्रामुख्याने खुर्च्यांच्या संख्येबद्दल बोलले. दोनशे पाहिजेत. एकशे ऐंशी आहेत. सतरंज्या किती? समई कुठे? सभागृहात कोणाचा तरी सत्कार चालू असे आणि मयेकर मागच्या दाराशी परत येणाऱ्या खुर्च्या मोजत. घरी भाट्यालाही बोलायला कोणी नव्हते. भाऊ मुंबईला, लग्न राहून गेलेले.

मृणालीने पेटी उघडली आणि पहिल्यांदा वास घेतला.

“खोबरेल?”

मयेकर खाली बघत राहिले. “जुना वास असेल.”

“बोटं फिरतात त्या पट्टीला लावलंय कोणीतरी. पट्टीला वेगळं तेल असतं. खोबरेल लाकडात मुरतं आणि खवट होतं. पण नंतर कोणीतरी ते मेहनतीने पुसून काढलेलं दिसतंय.” तिने वाद्य उजेडाकडे वळवले. “रंगही सगळा काळा नाही हो, सुर्वेसाहेब. कोपर टेकतं तिथे लाकूड उघडं पडलंय.”

“जुनं आहे ना.”

“जुनं झाल्याने रंग उडत नाही. हात लागल्याने उडतो.”

तिने तारांवरून बोट फिरवले आणि बोट पाहिले. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत उघडी तार पावसाळ्यात महिनाभरातच तांबडी पडते. इथे बोट स्वच्छ राहिले. पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पडद्यांवर, तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत, तारांनी खाचा पाडल्या होत्या आणि त्या खाचा चकाकत होत्या. अकरा वर्षे न वापरलेल्या वस्तूची झीज चकाकत नाही. ती काळवंडते.

“तारा बदलल्यात का कधी?”

“कोण बदलणार?” मयेकर म्हणाले.

दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या गोदाबाईंनी, समितीने ज्यांची साक्ष घेण्याचा विचारही केला नव्हता त्या गोदाबाईंनी, तोंड उघडले. “बदललान नाय. उकळलान! माझ्या चहाच्या टोपात. दोन दिवस चहाला लोखंडाचा वास. टोप नासवलान मेल्याने.”

“गोदे, गप.”

“गप काय? नवा टोप आणून दिलात, पण सांगितलात काय, तर म्हणे गंजलेले खिळे उकळले! खिळे कोण उकळतो हो, हरीभाऊ?”

मृणालीला हसू आवरले नाही. बासच्या जाड तारांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ बसला की आवाज बसतो. नवा संच महाग, म्हणून काही जण तारा काढून पाण्यात उकळतात, कोरड्या पुसतात, पुन्हा चढवतात. आवाज काही आठवडे परत येतो. वाजवायचे नसेल, तर हा उपद्व्याप कोणी करत नाही.

तिने सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरली आणि मधली फट पाहिली. मान वाकडी असती, तर फटीत बोट गेले असते, नाहीतर फट उरलीच नसती. पेटीच्या खणात एक जुने कार्ड होते. ते फटीत अलगद सरकले आणि तारेला न हलवता थांबले. अगदी असेच थांबायला हवे. तिने कार्ड उलटून पाहिले. ‘सागरतीर वाद्यवृंद. लग्न, मुंज, गणेशोत्सव.’ कडा वापराने मऊ झाल्या होत्या.

“मान सरळ आहे,” ती म्हणाली.

“हल्ली झाली असेल,” मयेकर म्हणाले. हे विधान समितीच्या विधानांच्या तोडीचे होते, पण त्यावर तीन सह्या नव्हत्या.

मग तिने मागच्या झाकणाचे स्क्रू काढले. आतल्या पोकळीला डब्यात भाकरी गुंडाळायच्या चकाकत्या कागदाचे अस्तर लावले होते, एकही सुरकुती न ठेवता. बाहेरची गुणगुण आत शिरू नये म्हणून. तारा टेकतात त्या पुलाखाली जाणारी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, वायर नव्याने डाखलेली होती. घुंई घुंई तिथूनच येत असणार. बॅटरी या वर्षीची होती. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने, बारीक अक्षरात, वरपासून खालपर्यंत लिहिले होते :

‘जमीन जोडली, ९ ऑगस्ट २०१४.’

त्याखाली दर वर्षी दोन ओळी. ‘ज्येष्ठ, पाव फेरा.’ ‘कार्तिक, पाव फेरा.’ मानेतली लोखंडी सळई पावसाआधी आणि पावसानंतर जराशी फिरवायची, म्हणजे लाकूड ओल्या हवेने ओढले जात नाही. अकरा ज्येष्ठ, अकरा कार्तिक. भांडाराच्या नोंदवहीत वाद्य बंद पडल्याची नोंद १ ऑगस्टची होती. म्हणजे समितीचे विधान आठ दिवस खरे होते.

मृणालीने सोबत आणलेल्या छोट्या अँप्लिफायरला केबल जोडली आणि सर्वांत जाड तार छेडली. टेबलावरचे पेपरवेट हलले. आवाज जमिनीतून वर आला, भरीव आणि स्वच्छ.

“अगो बाय,” गोदाबाई म्हणाल्या. “हा तर तो पंप! रोज दुपारी एक ते दोन भिंत हुंकारायची. मला वाटायचं, टाकीत पाणी चढतंय.”

मृणाली भारावली होती आणि भारावलेल्या माणसाला खोलीतली माणसे दिसत नाहीत. “साहेब, रत्नागिरीत असं ठेवलेलं वाद्य मी पाहिलेलं नाही. मुंबईतही क्वचित. ज्याने हे सांभाळलं, त्याचा सत्कार करा तुम्ही.”

“म्हणजे चालू आहे,” सुर्वे म्हणाले.

“उत्तम चालू आहे.”

“चला, देवरूखवाल्यांचं काम झालं. ते कधीपासून मागतायत.” त्यांनी अर्जांच्या फाइलीतून एक कागद काढला आणि बाजूला ठेवला. “मयेकर, तुमचा अर्ज मग आपोआप निकाली निघतो. भंगार असेल तरच मागितलं होतंत ना?”

मृणालीने तो एका ओळीचा कागद वाचला. पुन्हा वाचला. मग मयेकरांकडे पाहिले. ते झाकणाचे स्क्रू एका बशीत गोळा करत होते, हरवू नयेत म्हणून.

“साहेब,” ती म्हणाली, “तशी मान थोडी... म्हणजे प्रवासात भरवसा नाही. भंगारच म्हणता येईल.”

“आत्ता तर मुंबईतही क्वचित म्हणालात.”

“काकांनाच द्या ना हो. त्यांनीच राखलंय.”

“तोच तर प्रश्न आहे. चालू वस्तू बंद दाखवली. अकरा वर्षं.” सुर्वे यांचा स्वर दुखावलेल्या माणसाचा होता. त्या अकराही वर्षांच्या पडताळणीवर त्यांची सही होती, आणि कपाट एकदाही उघडले गेले नव्हते. परंतु तो चौकशीचा विषय नव्हता. “मयेकर, मला लेखी जबाब लागेल. तुमची कबुली. समितीपुढे ठेवतो. पेन्शनचं काही अडणार नाही, बघतो मी.”

“द्या कागद,” मयेकर म्हणाले.

“काका, मला माहीत नव्हतं,” मृणाली म्हणाली.

“तू बरोबर तपासलंस गो. फटीत कार्ड घालून बघतात, हे इथे माहीत असलेलं दुसरं माणूस मला आजच भेटलं.”

ते खिडकीपाशी बसून लिहू लागले. मधे एकदा त्यांनी उठून अँप्लिफायरची केबल बासमधून काढली, गुंडाळून ठेवली आणि पुन्हा लिहायला बसले. समितीने तो जबाब ‘आरोप मान्य’ असा शेरा मारून दाखल करून घेतला. तो असा :

“मी हरिश्चंद्र काशीराम मयेकर, भांडारपाल, लिहून देतो की बास ९ ऑगस्ट २०१४ पासून चालू आहे. बंद मी तो फक्त कागदावर ठेवला. चालू लिहिले असते, तर बाकीची वाद्ये गेली तसा तोही गेला असता. दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, सभागृहाच्या जुन्या ध्वनिवर्धकाला जोडून, मी वाद्यवृंदाची गाणी वाजवत होतो. गाणारे कोणी नव्हते. त्यांच्या जागा मी मोकळ्या सोडत होतो. देवरूखला नेताना तारा पूर्ण सैल करू नयेत, मान मागे जाते. वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवावी, नाहीतर बॅटरी उतरते. ज्येष्ठात आणि कार्तिकात पाव फेरा, जास्त नको. कार्ड पेटीतच ठेवले आहे. पट्टीला खोबरेल लावू नये. ते मी एकदा लावले होते, घरच्या नारळाचे. ती चूक मला मान्य आहे.”