आतलं कापड

पंचशीला कुवेतहून सुट्टीवर खारीगावात आली, तेव्हा लेकीला बघून इंदूबाईंनी डोळ्याला पदरच लावला. "नुसतं चिपाड झालंय माझं पोर! तिकडे उपाशी ठेवतात का गं?"

"उपाशी नाही आई, शहाणी झालेय." हॉस्पिटलातली ड्यूटी संपली की बर्गर नि कोल्ड्रिंक, असं करून ती तिथे फुगली होती. मग तिची स्वतःचीच शुगर बॉर्डरवर निघाली, आणि याच शुगरपायी आधी पाय नि मग जीव गेलेले बाबा आठवले. त्या दिवसापासून ती खोलीवर ज्वारीची भाकरी थापायला लागली ती लागलीच. सोबतिणी हसल्या, तर हसू देत.

भावाच्या लग्नासाठी तिचे जुने ब्लाउज आवळून घ्यायला दोघी टेलरकडे गेल्या. इंदूबाईंनी त्याला बजावलं, "भैया, अंदर कपडा ज्यादा रखना. महिनेभर में फिर भर जाएगी."

"बिलकुल नहीं रखना," पंचशीला म्हणाली. "जो ज्यादा है, सब काट डालो."

"अगं बये, पुन्हा उसवायची वेळ आली तर?"

"येऊच नये, म्हणून तर."

कात्री चालली. घरी पोचताच इंदूबाईंनी तवा गॅसवर आदळला. मग परातीत पीठ घेऊन फणकाऱ्याने म्हणाल्या, "भाकऱ्या किती टाकू, तेही आता तूच सांग."

पंचशीलाने फळीवरच्या आईच्या शुगरच्या गोळ्यांकडे बघितलं.

"दोन. एक माझी, आणि एक तुझी."