भिंतीतला श्वास

रिज अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या बंद पडलेल्या बुटांच्या दुकानात रविवारी अकरानंतर पाय ठेवायला जागा नसे. काचेवर ‘लहान मुलांचे बूट’ ही जुनी अक्षरं अजून पुसट दिसत आणि त्याखाली ताज्या रंगात लिहिलेलं होतं : ‘जिवंत श्वास चर्च. प्रॉफेट इलाय गॅड्सडेन.’ उत्तर फिलाडेल्फियातल्या निम्म्या बायका तिथे लोटत. डोक्यावर टोप्या, पांढरे हातमोजे, हातात पुठ्ठ्याचे पंखे. पुरुषही येत, पण ते भिंतीला टेकून उभे राहत, म्हणजे आपण सहज आलोय असं दिसावं.

साडेबाराला प्रवचन टिपेला पोहोचलं की प्रॉफेट हात वर करी. लोक त्याला प्रॉफेट, म्हणजे देवाचा प्रेषित, म्हणत. मी बुवाच म्हणणार. पंखे थांबत. बुवा लोकांकडे पाठ करून भिंतीलगतच्या टेबलाशी जाई आणि तिथे उभ्या करून ठेवलेल्या मोठ्या बायबलवर तोंड खाली घालून ओणवा होई. श्वास येताना देवाकडे बघायचं असतं, माणसांकडे नाही, असं त्याचं सांगणं. मग जांभळ्या पडद्यामागून, भिंतीतून, एक हुंकार उठे. आधी संथ, हेलकावे खाणारा. मग तो वेग घेई, थरथरू लागे आणि हुंदके देणाऱ्या माणसासारखा साऱ्या खोलीभर फिरे. टेबलावरच्या तिन्ही मेणबत्त्या लवत. पुढे भिंतीला लागून आजाऱ्यांचं बाक होतं, तिथे बसलेल्यांच्या गालाला वारा लागे. खिडक्या बंद असत, आणि त्या बंद आहेत हे बुवा आधी दोनदा तपासून दाखवी.

“डॉक्टरच्या सुईला टोक असतं,” तो वळून म्हणे. “देवाच्या श्वासाला टोक आहे का?”

“नाही!” सगळी खोली म्हणे.

“औषधाच्या बाटलीला तळ असतो. श्वासाला तळ आहे का?”

बाटलीला तळ नसता तर औषध राहिलं कुठे असतं, हे विचारायला कुणी थांबत नसे. तोवर दोन-चार बायका कोसळलेल्या असत आणि पांढऱ्या गणवेशातल्या सेविका त्यांना सावरत असत.

सहासष्ट सालच्या मार्चमध्ये एका रविवारी त्या आजाऱ्यांच्या बाकावर माझी बहीण लुव्हीनिया, आमची व्हिनी, बसली होती आणि मी दाराशी उभा होतो. वीस वर्षांत मी चर्चची पायरी चढलो नव्हतो. व्हिनीने अकरा दिवस इन्सुलिन घेतलं नाही हे शेजारणीकडून कळलं, म्हणून आलो होतो.

माझं नाव थॅडियस रक्कर. मी ऑर्गन वाजवतो. कोलंबिया अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका क्लबात गिटारवाला, ड्रमवाला आणि मी असे तिघं जॅझ वाजवतो; आठवड्याचे सहा दिवस, शनिवारी दुपारीसुद्धा. आमच्या ऑर्गनचा आवाज ऑर्गनमधून येत नाही. तो शेजारी ठेवलेल्या, छातीइतक्या उंच लाकडी पेटाडातून येतो. त्याच्या पोटात वर एक भोंगा आणि खाली एक लाकडी ढोल, दोन्ही मोटरवर गरागरा फिरतात. हळू फिरले की सूर हेलकावतो, जोरात फिरले की थरथरतो. कळ माझ्या डाव्या हाताशी असते. गाणं चढत चढत गेलं आणि नेमक्या क्षणी मी ती कळ टाकली की बारमधले रंगेल म्हातारेसुद्धा टेबलावर मुठी आपटतात. मी बुवापेक्षा काही वेगळं करत नाही. फक्त मी त्याला गाणं म्हणतो आणि कुणाचं औषध बंद करत नाही.

असली जुनी फिरती पेटाडं जमवायचा मला नाद आहे. तळघरात अकरा होती. “लोकांच्या तळघरात कोळसा असतो,” व्हिनी म्हणायची, “आमच्या थॅडच्या तळघरात भोंगे आहेत. थंडीत जाळून तरी बघ एखादा.”

तर त्या दिवशी भिंतीतल्या हुंकाराने वेग घेतला आणि मी कान टवकारले. भोंगा हलका असतो, तो चटकन वेग पकडतो. ढोल जड, तो मागून येतो. पण या पेटाडातला ढोल सुरू होताना दोनदा अडखळला, पट्टा घसरल्यासारखा, आणि मग लागला. ते अडखळणं मी चार वर्षं ऐकलं होतं. ते पेटाड माझं होतं. आदल्या शरद ऋतूत एका माणसाने त्याच्या बदल्यात मला एक फार जुनं, उंच पेटाड दिलं होतं. आमच्या मंडळाच्या नाचाच्या हॉलसाठी हवंय, म्हणाला. मी आणखी काही विचारलं नाही. माझा सगळा जीव त्या उंच पेटाडात अडकला होता.

संध्याकाळी मी व्हिनीच्या स्वयंपाकघरात गेलो. ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करून. इंजेक्शनची काचेची सिरिंज ती रोज सकाळी ज्या पातेल्यात उकळायची, ते पातेलं खिळ्याला कोरडं टांगलं होतं. टेबलावर पाण्याचा जग होता, आणि ती बोलता बोलता तो रिकामा करत होती.

“तहान किती लागते गं तुला?”

“प्रॉफेट म्हणाले, ही जिवंत पाण्याची तहान आहे. आणि हे बघ.” तिने कमरेशी झगा चिमटीत धरून दाखवला. “केवढा सैल झालाय. डॉक्टर सहा वर्षं ओरडत होता, वजन उतरव, वजन उतरव. उतरलं की नाही?”

“व्हिनी, ते पेटाड माझं आहे. भिंतीमागे आहे ते. बुवा बायबलवर तोंड घालतो ना, तिथे मागे माइक असणार. तो तोंड मिटून गुणगुणतो. पायाने कळ दाबतो. बाकी सगळं मोटर करते.”

“आणि वारा?”

“तो ढोल फिरतो गं. पाठीची फळी काढून ठेवली की पंख्यासारखा वारा येतो. पंख्याने तू बरी होणार आहेस का?”

ती हसली. “तुला यंत्रातलं कळतं, धाकट्या. मला माझ्या जिवातलं कळतं.”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर पेटिफर्डकडे गेलो. त्यांनी किती दिवस झाले ते विचारलं, तहान विचारली, वजन विचारलं आणि पेन खाली ठेवलं. “वजन उतरत नाहीये, रक्कर. साखर वापरता येत नाही म्हणून तिचं शरीर स्वतःलाच खातंय. रविवारपर्यंत थांबू नका. आजच आणा.”

तो सगळा आठवडा मी तिला विनवत होतो. रागावलो, रडलोसुद्धा. क्लबात माझे पाय ऑर्गनखालच्या खर्जाच्या पट्ट्या चुकत होते आणि ड्रमवाला माझ्याकडे बघत होता. अखेर शनिवारी ती म्हणाली, “मला डोळ्यांनी दाखव. दाखवलंस तर तिथल्या तिथे सुई घेईन. आईची शपथ.”

व्हिनी आईची खोटी शपथ घेणारी नव्हती. रविवारी मी एका खिशात स्क्रूड्रायव्हर आणि दुसऱ्या खिशात इन्सुलिनची बाटली आणि उकळलेली सिरिंज घेऊन गेलो.

हुंकार सुरू झाला, मेणबत्त्या लवल्या आणि मी मधल्या वाटेने सरळ पुढे चालत गेलो. सेविका अडवायच्या आत मी पडदा ओढला. मागे भिंतीत लाकडी पट्ट्यांची जाळी होती. चार स्क्रू काढले, जाळी बाहेर आली. आत माझं पेटाड, पाठीची फळी काढलेलं, खोलीकडे पाठ करून उभं. भोंगा आणि ढोल मजेत फिरत होते. बुवाचं गुणगुणणं थांबलं होतं.

व्हिनी माझ्यापासून तीन हातांवर होती. तिचे डोळे पेटाडावर होते. इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं.

मागच्यांना ऐकू जावं म्हणून मी बायबलमागचा माइक उचलला. ती माझी पहिली चूक.

“ही मोटर आहे,” मी म्हणालो. माझा आवाज त्या पेटाडातून बाहेर पडला. थरथरत, हुंदके देत, साऱ्या खोलीभर फिरत. आणि मी वाक्य संपवून श्वास घेतला तेवढ्यात कोपऱ्यातल्या ऑर्गनवर बसलेल्या सिस्टर ऑर्फाने एक सूर भरला.

सिस्टर ऑर्फा सत्तरीची. तिचा काही दोष नाही. आमच्याकडच्या चर्चांमध्ये बोलणारा थांबला की ऑर्गनने उत्तर द्यायचं असतं. ती पन्नास वर्षं ते करत होती. बोलणारा काय बोलतोय हे ती ऐकतच नसे. तो कुठे थांबतो एवढंच ऐके.

“हा रबरी पट्टा आहे,” मी म्हणालो. ऑर्गन म्हणाला, हो.

“सांग, ब्रदर,” मागून कुणीतरी म्हणालं.

“हा लाकडी ढोल आहे. ढोल फिरतो. फिरला की वारा सुटतो.”

“सुटतो, सुटतो!”

मी तिथेच माइक टाकायला हवा होता. नाही टाकला. खरं सांगायचं तर मला कळलंच नाही. पंचवीस वर्षं मी सूर आणि थांबा, सूर आणि थांबा याच्यावरच पोट भरत आलो. माझी वाक्यं आपोआप आखूड झाली. वाक्याच्या शेवटी मी सूर यायची वाट बघू लागलो, आणि तो यायचाच. माझा आवाज चढला. मी म्हणत होतो, यात देव नाही, हे पेटाड मी माझ्या हाताने दुरुस्त केलंय, मी माझ्या हाताने दिलंय; आणि खोली उभी राहून टाळ्यांचा ठेका धरत होती. “ऑर्फा, थांबव ते!” मी ओरडलो. ते ओरडणंही थरथरत फिरलं आणि दोन बायका कोसळल्या.

बुवा पक्का. दुसरा कुणी पळाला असता. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात माझ्याकडे करून रडू लागला.

“बघा,” तो म्हणाला. “वीस वर्षं देवापासून पळणारा माणूस. देवाने श्वासाला घर द्यायचं ठरवलं, तेव्हा पेटी कुणाच्या हातून पाठवली? याच्याच. आणि आज त्याला कशाने ओढून आणलं? स्वतःच्याच पेटीने. मी लपवली होती का ती? मी सांभाळली होती, मालकासाठी.”

मी आणखी बोललो असतो तर ती आणखी साक्ष झाली असती. गप्प बसलो तर नम्रता झाली. मी गप्प बसलो, आणि म्हातारी माणसं येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवू लागली.

व्हिनी आली. तिचे पाय सुजले होते, ती बाकाला धरत धरत आली. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या श्वासाला कुजक्या सफरचंदासारखा गोड वास येत होता. डॉक्टरांनी मला त्या वासाबद्दल सांगून ठेवलं होतं.

“दाखवलं मी तुला,” मी म्हणालो. “व्हिनी, तू बघितलंस ना? मोटर बघितलीस?”

“बघितली.”

“मग सुई घे. तू शपथ घेतलीस.”

“थॅड, आई मरताना मला काय म्हणाली माहितेय? म्हणाली, या पोराला देवाच्या दारी आण. वीस वर्षं मी गुडघे झिजवले. आज तू तिथे उभा राहून बोललास.” ती रडत होती, आणि इतक्या आनंदात मी तिला कधी बघितलेलं नाही. “मोटर असू दे नाहीतर आणखी काही असू दे. मला जे मागायचं होतं ते मिळालं. आता देव मला सुईने कशाला जगवेल?”

माझा हात खिशात सिरिंजवर होता. पन्नास-साठ माणसांमध्ये, रडणाऱ्या बहिणीला जबरदस्तीने टोचता येत नाही. मी तेही करून बघायला हवं होतं, असं मला आता रोज वाटतं.

मंगळवारी सकाळी ती उठेना. मी तिला उचलून गाडीत घातलं. बुधवारी दुपारी इस्पितळात ती गेली. तिथला तरुण डॉक्टर मला विचारत होता, बाई औषध का घेत नव्हत्या, घरात कुणी सांगणारं नव्हतं का?

मी सांगितलं, होता एक.

ही गोष्ट मी लिहून काढतोय कारण लिहिलेल्या शब्दांमागे कुणी ऑर्गन वाजवत नाही. भिंतीतून वारा आला तर भिंतीमागे जाऊन बघा. कुणी तुमच्याकडे पाठ करून चमत्कार दाखवत असेल तर त्याच्या समोर जाऊन उभे राहा. अंगावर काटा आला म्हणजे खरं कळलं असं नाही; काटा मीही आणतो, आठवड्याचे सहा दिवस, दोन मोटरी आणि एका भोंग्यावर. आणि घरातल्या माणसाला खरं सांगायचं असेल तर ते सभेत सांगू नका. घरी सांगा, कोरड्या आवाजात, दिवसातून दहा वेळा, आणि औषध तोंडात जाईपर्यंत तिथून हलू नका.

व्हिनीच्या दफनानंतर दफनभूमीच्या फाटकाशी एका धिप्पाड माणसाने माझा हात हातात घेतला. आलोन्झो टिब्स, पोस्टमन. रविवारी तो मागे भिंतीला टेकून उभा होता म्हणे.

“ब्रदर रक्कर,” तो म्हणाला, “मी असल्या गोष्टी मानत नसे. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायचो. पण त्या दिवशी तुम्ही बोललात आणि माझ्या मनातला संशयच गेला. घरी गेलो आणि सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या.”

मी त्याला तिथेच, गवतावर, कोरड्या आवाजात सगळं सांगितलं. तो मान हलवत होता. मी त्याला डॉक्टर पेटिफर्डकडे नेलं, औषधाच्या दुकानात नेलं, नवी बाटली त्याच्या हातात दिली. आता रोज सकाळी, तो टपाल वाटायला निघण्याआधी, मी त्याच्या दारात उभा असतो. तो मला आत घेतो, कॉफी करतो, बाटली खिडकीत तशीच भरलेली असते. मी म्हणतो, मोटर आहे, टिब्स. रबरी पट्टा आहे. लाकूड फिरतं आणि वारा येतो. बाकी काही नाही. गोळी घ्या.

तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, “आमेन.”