मला आवाज अडवता येत नाही

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे, माझ्यापुढे कोणी टाळ्या वाजवत नाही. मी कोर्टातला पडदा. तीन लाकडी चौकटी, त्यांना जोडणाऱ्या बिजागऱ्या आणि वर ताणून बसवलेलं जाड हिरवं कापड, एवढाच माझा संसार.

सुताराने मला घडवलं ते एका दवाखान्यासाठी. तिथे माझ्याआड पेशंट कपडे बदलत, नर्सबाई त्यांची चेष्टामस्करी करत. बरं चाललं होतं. पुढे कोर्टात फर्मान निघालं, की लहान मुलाने साक्ष देताना त्याला आरोपी दिसता कामा नये. फर्मान आलं, सामान मात्र आलं नाही. मग शोधाशोध झाली आणि माझी उचलबांगडी इकडे झाली.

इथे माझी कुणाला गरज नसली की मी कपाटामागे मिटून उभा असायचो. वकील माझ्यावर ओल्या छत्र्या टाकायचे. मला उघडलं, की मात्र खोलीतले सगळे आवाज खाली यायचे, कारण तेव्हा एखादं मूल येणार असायचं. मला बघून आनंद झालाय असं माणूस मी इथे पाहिलं नाही. मुलांना त्या माणसाकडे बघावं लागू नये म्हणून मी आहे. मला मात्र त्याच्याकडे बघावंच लागायचं.

एक मुलगी आली होती. आई तिला चिऊ म्हणायची. पुढचे दोन दात पडलेले. आरोपी तिचा सख्खा काका. एका तारखेला काकाचा वकील आला नाही, पुढच्या तारखेला न्यायाधीशबाई रजेवर. दर वेळी चिऊ शाळा बुडवून, वेणी घालून यायची आणि तशीच परत जायची.

"आई, आज पण नाही सांगायचं का?" तिने एकदा विचारलं. आईने नुसती तिची वॉटरबॅग खांद्याला लावली.

अखेर साक्ष सुरू झाली. दारं बंद केली. न्यायाधीशबाई उंच खुर्चीवरून उतरून चिऊच्या समोर साध्या खुर्चीत बसल्या. आई एका बाजूला, मदतीला नेमलेली ताई दुसऱ्या बाजूला. बाईंनी आधी पडलेल्या दातांची चौकशी केली. चिऊ चक्क हसली. मग सरकारी वकिलांनी हळूच विचारलं आणि ती सांगू लागली, "आई कामाला गेली, की काका..."

पलीकडे कोणीतरी खाकरलं.

मोठ्याने नाही, साधंच. पण मी त्या बाजूलाही होतो. त्याच्या घशात काहीएक नव्हतं. तिचा आवाज ऐकू येईपर्यंत तो थांबला होता आणि मगच खाकरला.

चिऊचं वाक्य तिथेच तुटलं. तिने पाय वर खुर्चीत ओढून घेतले. मी जाड कापडाचा, चांगला ताठ, आणि माझा काडीचा उपयोग झाला नाही.

"साक्षीदार उत्तर देत नाही, याची नोंद व्हावी," काकाचा वकील म्हणाला.

"थांबा हो जरा," बाई म्हणाल्या.

ताई चिऊसमोर उकिडवी बसली. "काय झालं गं बाळा?"

"जिन्यात काका असाच खाकरायचा," चिऊ पुटपुटली. "मग मला कळायचं."

बाई लेखनिकाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. आरोपीला शेजारच्या खोलीत न्या. तिथे स्पीकर लावा. त्याचा आवाज इकडे येता कामा नये."

"पण बाई, आरोपीचा हक्क..."

"हक्क ऐकण्याचा आहे, वकीलसाहेब. ऐकवण्याचा नाही."

त्याला नेलं. चिऊने विचारलं, "आता तिकडे कोण आहे?"

"ये, तूच बघ," ताई म्हणाली. चिऊ माझ्या कडेने वाकली आणि रिकामी खुर्ची बघत राहिली. "बाबा कुठे आहेत?"

"बाहेर बसलेत."

"कुणाच्या बाजूला?"

ताईने चिऊची खुर्ची आईजवळ सरकवली. चिऊ गुपचूप जागेवर आली आणि तिने सगळं सांगितलं. काकाच्या वकिलाला जे विचारायचं होतं, ते बाईंनी आपल्या तोंडून विचारलं. हे सगळं आईने शिकवलं का, असाही प्रश्न होता.

"आईला मीच सांगितलं," चिऊ म्हणाली. "तिला माहीतच नव्हतं."

काकाला शिक्षा झाली. मला ते दोन कारकुनांच्या बोलण्यातून कळलं. निकालाला चिऊचा बापही आला होता म्हणे. कुठे बसावं त्याला सुचेना, शेवटपर्यंत दारातच उभा राहिला. चिऊ आली होती का, ते कारकून बोलले नाहीत.

त्यानंतर कोर्टात मुलांसाठी वेगळी खोली झाली. तिथे मूल बोलतं, कोर्ट ते पडद्यावर बघतं. तो पडदा काचेचा आहे, मी नव्हे. मी आता अडगळीत, मोडक्या पंख्यांच्या शेजारी. इथे कोणी खाकरतसुद्धा नाही.

माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे. जिथे तशी खोली अजून झाली नसेल तिथे मला न्या, धूळ झटका, उभा करा. पण मला उभं केलं म्हणजे काम झालं असं समजून वळू नका. मला फक्त उभं राहता येतं. मुलाच्या शेजारी बसायला माणूस लागतं.